आधी आयएनएस, मग गोदावरी: जहाजांच्या नावापुढच्या अक्षरांची पार्श्वभूमी

नाशिकला समुद्र नाही. तोफखाना आहे देवळालीला, विमानं आहेत ओझरला, पण नेव्ही म्हटलं की आपली धाव गंगापूर धरणाच्या बोट क्लबपर्यंतच. तरी आमच्या कॉलनीत नेव्हीतून रिटायर झालेले एक काका आहेत आणि त्यांच्या शोकेसमध्ये एक लाकडी क्रेस्ट, म्हणजे जहाजाचं बोधचिन्ह आहे, त्यावर लिहिलंय आयएनएस गोदावरी, म्हणजे इंडियन नेव्हल शिप गोदावरी. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो, मी सहज म्हणालो की काका तुम्ही आयएनएस गोदावरी जहाजावर किती वर्षं होता, तर कप खाली ठेवून म्हणाले, "आयएनएसमधला एस म्हणजेच शिप रे बाबा, पुन्हा जहाज कशाला लावतोस, एटीएम मशीन म्हटल्यासारखं." झालं, तिथून जी गाडी सुटली ती रात्री जेवायची वेळ होईपर्यंत. नंतर घरी येऊन मीही बरंच वाचत बसलो, त्याचाच हा गोषवारा.

सोपं करून सांगायचं तर ही पुढची अक्षरं म्हणजे गाडीच्या नंबर प्लेटवरचं एमएच १५. गाडी कुठली, कुणाच्या दप्तरात नोंदलेली, एवढं त्यातून कळतं. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे इंग्रजांची एचएमएस, हिज किंवा हर मॅजेस्टीज शिप, राजाचं किंवा राणीचं जहाज. आधी हे कागदोपत्री पूर्ण लिहायचे, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे तीन अक्षरांवर आलं. जहाज राजाच्या मालकीचं, म्हणून अक्षरंही राजाची. जर्मन कैसरच्या आरमाराचंही तेच, त्यांचं एसएमएस होतं, म्हणजे जर्मन भाषेत 'महाराजांचं जहाज'. २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासवर तोफा डागून गेली ती एमडेन म्हणजे एसएमएस एमडेन, आता हे वाचताना कुणालाही मोबाइलच आठवणार, त्याला इलाज नाही. अमेरिकेला राजाच नाही, त्यामुळे तिथे बराच काळ सावळा गोंधळ होता, कुणी यूएस फ्लॅगशिप लिही, कुणी यूएस गनबोट लिही, शेवटी ८ जानेवारी १९०७ ला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूमच काढला की नौदलाच्या सेवेतल्या जहाजापुढे यूएसएस, म्हणजे युनायटेड स्टेट्स शिप लावायचं आणि विषय संपवला.

'सेवेतल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडेही जहाज गोदीत बांधत असताना ते आयएनएस नसतं, नुसतं यार्ड अमुक असतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली विशाखापट्टणम ही आधी यार्ड १२७०४ होती आणि मोर्मुगाव १२७०५. कमिशनिंग झालं, म्हणजे जहाज रीतसर सेवेत दाखल झालं, झेंडा चढला, की मगच आयएनएस लागतं, आणि डीकमिशन झालं, झेंडा उतरला, की ती तीन अक्षरंही उतरतात. बारशाआधी बाळाला नावाने हाक मारत नाहीत तसंच काहीसं, फक्त इथे शेवटी नाव परतही घेतात.

आता आपल्या गोदावरीकडे येतो, कारण या एका नावात सगळा इतिहास सापडतो. पहिली गोदावरी १९४३ ची, स्लूप प्रकारची, म्हणजे लहान युद्धनौका, महायुद्धाच्या काळातली. तिच्यापुढे आयएनएस नव्हतं, एचएमआयएस होतं, हिज मॅजेस्टीज इंडियन शिप. १९३४ मध्ये रॉयल इंडियन मरीनचं रॉयल इंडियन नेव्ही झालं तेव्हापासूनची ही चार अक्षरं, त्याच्याआधी आरआयएमएस, म्हणजे रॉयल इंडियन मरीन शिप असायचं. मग फाळणी आली आणि घरातली भांडी वाटावीत तशी जहाजं वाटली गेली, त्यात गोदावरी आणि नर्बदा पाकिस्तानच्या वाट्याला आल्या आणि सतलज इकडे राहिली! नाशिकच्या माणसाला हे वाचून कसंतरीच होतं. त्यांनी मग गोदावरीचं नाव बदलून सिंध केलं, नर्बदाचं झेलम केलं, आणि पुढे अक्षरं लावली एचएमपीएस, हिज मॅजेस्टीज पाकिस्तान शिप, कारण राजा अजून कागदावर होताच. आपण २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झालो त्याच दिवशी एचएमआयएस गेलं आणि आयएनएस आलं. पाकिस्तान प्रजासत्ताक झालं १९५६ मध्ये, मग त्यांचं पीएनएस, पाकिस्तान नेव्ही शिप झालं. म्हणजे नुसती अक्षरं बघून सांगता येतं की त्या साली त्या देशाचा राजा होता की नव्हता.

दुसरी गोदावरी तर अजून भारी. १९५३ मध्ये आपण इंग्रजांकडून तीन जुन्या विनाशिका आणल्या, हंट क्लासच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या मालिकेतल्या, सुरुवातीला चक्क उसनवारीवर, आणि नावं ठेवली गोदावरी, गंगा, गोमती. यातली गोदावरी आधी होती एचएमएस बीडेल. पण महायुद्धात ती होती पोलंडच्या नौदलाकडे, कारण पोलंड जर्मनांच्या ताब्यात गेला होता आणि त्यांचे खलाशी इंग्लंडमधून लढत होते, तेव्हा तिचं नाव होतं ओआरपी श्लॉन्झाक. ओआरपी म्हणजे पोलिश भाषेत 'पोलंड प्रजासत्ताकाचं जहाज', देश हातात नाही पण जहाजावर प्रजासत्ताक लिहिलेलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या दिएप बंदरावर जो फसलेला हल्ला झाला त्यात ती होती. तेच लोखंड, तीच इंजिनं, अकरा वर्षांनी गोदावरी होऊन मुंबईत उभी. आणि आपण रामकुंडावर उभं राहून समजतो की गोदावरी म्हणजे त्र्यंबकेश्वरहून निघते तेवढीच.

गंगा आणि गोदावरी एकाच क्लासमधल्या बहिणी, हे ऐकून काकांच्या मिसेस म्हणाल्या की नाशकात तर एकच आहे, आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगेवर जाऊन येते म्हणतो. काकांनी यावर काही उत्तर दिलं नाही.

तिसरी गोदावरी ही काकांची. माझगाव डॉकमध्ये बांधलेली फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून जरा लहान युद्धनौका, १० डिसेंबर १९८३ ला कमिशन झाली, डिझाइन आपलं आणि त्यात रशियन आणि पाश्चिमात्य सामान एकत्र बसवलेलं, हे काम त्या काळात सोपं नव्हतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला, तो फसल्यावर ते एक मालवाहू जहाज पळवून ओलीस घेऊन समुद्रात निघाले, तेव्हा पाठलाग करून त्यांना गाठणाऱ्यांत गोदावरी पुढे होती. पळवलेल्या जहाजाचं नाव एमव्ही प्रोग्रेस लाइट. एकीकडे आयएनएस, एकीकडे एमव्ही, आणि दोन्ही अक्षरांचा जातकुळीनेच फरक, तो असा की आयएनएस सांगतं जहाज कुणाचं, आणि एमव्ही सांगतं जहाज चालतं कशावर.

एमव्ही म्हणजे मोटर व्हेसल, डिझेल इंजिनवालं. त्याच्याआधी एसएस, ज्याला आपली आजी आगबोट म्हणायची. या एसएसचा अर्थ सगळे स्टीमशिप सांगतात, पण सुरुवातीला ते स्क्रू स्टीमर होतं, कारण आधीच्या आगबोटींना बाजूला मोठी चाकं असायची, त्यांना पीएस म्हणजे पॅडल स्टीमर म्हणत, आणि मागे पंखा असलेल्या नव्या बोटी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून स्क्रू. पुढे चाकंवाल्या मागे पडल्या आणि एसएसचा अर्थ बदलला तरी कुणाला कळलंही नाही. १९१२ मध्ये डेन्मार्कची सेलँडिया ही डिझेलवर चालणारी मोठी बोट महासागरात उतरली आणि हळूहळू एसएस ओसरत गेलं. कोकणातल्या घराघरांत मात्र एसएस म्हटलं की रामदास आठवते, १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आणि सहाशेच्या वर माणसं घेऊन बुडालेली. तिच्यावर जास्त लिहीत नाही, तो विषय असा मध्येच उरकायचा नाही.

काही अक्षरं कामावरून. टायटॅनिकपुढे आरएमएस आहे ते रॉयल मेलचं, म्हणजे ती सरकारी टपाल नेत होती, पोस्टाचा करार ही त्या काळात कंपनीची इज्जत होती. आणि यावरून एक नाशिक जिल्ह्याशी जोडलेली गोष्ट सांगतो. एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची १८९० च्या सुमाराची कॅनेडियन कंपनीची देखणी बोट होती, आरएमएस. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली, नाव ठेवलं लॉयल्टी आणि तिचं हॉस्पिटल शिप केलं. युद्ध संपलं आणि उद्योगपती वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ती शिंद्यांकडून घेतली, त्यातूनच त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीचं नाव आलं, आणि ५ एप्रिल १९१९ ला एसएस लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आपल्याकडे ५ एप्रिलला राष्ट्रीय नौवहन दिन असतो. एकच बोट, आधी टपालाची, मग जखमी सैनिकांची, मग स्वदेशीची. आणि हेच वालचंदशेठ मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना काढणारे. लहानपणी आपण जे रावळगाव चॉकलेट चघळलं त्याचा आणि लंडनच्या बोटीचा मालक एकच, हे मला पस्तिशीत कळलं.

व्यापारी जहाजांत अजून एक गंमत असते, कंपनीचं आडनाव. सिंदियाची जहाजं जल लावून, विशाखापट्टणमला बांधलेली आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलेली जल उषा त्यातलीच. ग्रेट ईस्टर्न शिपिंग कंपनीची जहाजं जग लावून असतात. टायटॅनिकवाल्या व्हाइट स्टार कंपनीची नावं 'इक'वर संपायची, ऑलिम्पिक, टायटॅनिक, ब्रिटॅनिक, आणि त्यांच्या स्पर्धक कुनार्डची 'इया'वर, लुसिटानिया, मॉरिटानिया. जपान्यांचं मारू शेवटी लागतं. मात्र व्यापारी जहाजाच्या नावात खरं वजन या कशालाच नाही, मालक बदलला, झेंडा बदलला की नाव रंगवून टाकतात, म्हणून आता सात आकडी आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नंबर असतो जो जन्मापासून भंगारापर्यंत बदलत नाही, १९९६ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या जहाजांना तो सक्तीचा आहे. नंबर प्लेट बदलेल, चॅसी नंबर नाही, आरटीओत एकदा तरी रांग लावलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

नौदलाची नावं ठेवायला मात्र समिती बसते आणि तिच्या पद्धती आहेत, विनाशिकांना शहरं, फ्रिगेटला डोंगर, नद्या, शस्त्रं. एका क्लासमध्ये सूर धरायची हौस दिसते, शिवालिक, सातपुडा, सह्याद्री हे तीन स, तलवार, त्रिशूल, तबर हे तीन त, नीलगिरी क्लासमध्ये सगळ्यांच्या शेवटी गिरी. आपल्या बाजूची नावंही आता बरीच आहेत, खांदेरी पाणबुडीला मिळालं, अर्नाळा २०२५ मध्ये आली. जुन्या मराठा आरमारात अशी अक्षरं वगैरे काही नव्हती, गुराब, गलबत, पाल हे प्रकार सांगितले की झालं.

मला सगळ्यात मजा वाटली ती जमिनीवरच्या जहाजांची. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे, १९४५ पासून, समुद्रापासून इतकी वर घाटमाथ्यावर, आणि ती कागदोपत्री जहाज आहे. काका तिथे ट्रेनिंगला होते, म्हणाले गेटच्या बाहेर पाय ठेवला की 'अशोर' गेलो म्हणायचं, फरशीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली. ही इंग्रजांची खोड, त्यांच्या कायद्यात शिस्त लागू व्हायला खलाशी कुठल्यातरी जहाजाच्या पटावर असावा लागे, म्हणून बराकींनाही जहाज करून टाकलं. त्यांनी १८०४ मध्ये कॅरिबियनमध्ये एका उभ्या कातळावर तोफा चढवून त्या कातळालाच एचएमएस डायमंड रॉक करून टाकलं होतं आणि दीड वर्षाच्या आसपास तो फ्रेंचांविरुद्ध लढवला! १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचा उठाव सुरू झाला ती एचएमआयएस तलवारही अशीच, मुंबईतल्या कुलाब्याच्या इमारती. मी शाळेत चक्क जहाज समजून चित्र काढलं होतं, शिडं वगैरे लावून, आणि मार्कही मिळाले होते.

विमानवाहू विक्रांतचं सांगून थांबतो. इंग्रजांनी ती १९४५ मध्ये हर्क्युलिस नावाने पाण्यात सोडली पण युद्ध संपलं म्हणून अर्धवटच ठेवली, कमिशन केलीच नाही, त्यामुळे काकांच्या मते तिला एचएमएस हर्क्युलिस म्हणणं चूक. आपण घेतली, पूर्ण केली, ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला आयएनएस विक्रांत झाली, १९९७ मध्ये निवृत्त झाली. मग मुंबईत म्युझियम केलं तेव्हा पुढे आयएमएस लावलं, इंडियन म्युझियम शिप. ते पुढे बंद पडलं, २०१४ मध्ये मुंबईतल्या दारुखाना भागात, जिथे जुनी जहाजं भंगारात काढतात, तिथे तोडायला घेतली, आणि त्यातलं काही लोखंड बजाजने घेऊन २०१६ मध्ये व्ही नावाची मोटरसायकल काढली. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला आली, नंबर तोच ठेवलाय, आर ११.

ती बजाज व्ही आमच्या कॉलनीत एकाकडे आहे, नंबर प्लेट अर्थात एमएच १५. काका सकाळी दूध आणायला जाताना तिच्या टाकीवर दोन बोटांनी टकटक करून पुढे जातात, आणि मालक गॅलरीतून ओरडतो, काका स्क्रॅच पडतील.