‘हौशी’ कोणाला म्हणायचे? खेळाच्या मोलावरच्या वादाची पार्श्वभूमी

खेळामुळे माणसाचे आणि समाजाचे भले होते का, हा वाद रंगला की दोन्ही बाजू कधी ना कधी एकाच वाक्यापाशी येतात: ‘पूर्वी लोक आवडीने खेळत, आता पैशासाठी खेळतात.’ खेळाचे गोडवे गाणारा हे हळहळून म्हणतो, नावे ठेवणारा टोमणा म्हणून. पण त्या वाक्यातले ‘पूर्वी’ शोधायला निघालो, तर ते फार मागे सापडत नाही. साधारण १८६० ते १९७० या शंभर-सव्वाशे वर्षांत ते सापडते, आणि तिथेही बऱ्याच अंशी कागदावरच.

प्राचीन ग्रीसची साक्ष नेहमी काढली जाते. पण ‘अ‍ॅथलीट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच बक्षीस असा आहे. अथेन्सच्या एका कायदेकर्त्याने ऑलिंपिक विजेत्यासाठी ५०० द्राख्मा ठरवून दिले होते, असे प्राचीन चरित्रकार सांगतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या एका कवी-तत्त्वज्ञाची तक्रार तर आजच्या वर्तमानपत्रात तशीच छापावी अशी आहे: जिंकणाऱ्याला पुढची आसने आणि नगराच्या खर्चाने जेवण मिळते, पण त्याच्या जिंकण्याने नगराचा कारभार सुधारत नाही की कोठारे भरत नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये १६१८ साली राजाने रविवारच्या प्रार्थनेनंतर खेळायला मुभा दिली. खेळायला बंदी केली तर सामान्य माणसाचे शरीर लढाईच्या कामाचे राहणार नाही, हे त्यामागचे एक कारण होते. पंचवीस वर्षांनी, १६४३ मध्ये, संसदेच्या हुकमाने त्या जाहीरनाम्याच्या प्रती जाळण्यात आल्या. एवढे सांगून हा काळ सोडून देतो. आजच्या वादाची भाषा तिथे घडलेली नाही.

ती घडली एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. बड्या घरच्या मुलांच्या निवासी शाळांची सरकारी चौकशी झाली. १८६४ च्या तिच्या अहवालाने सांगितले की क्रिकेट आणि फुटबॉलची मैदाने ही नुसती करमणुकीची जागा नव्हे, तिथे सामाजिक गुण घडतात. ‘खेळाने चारित्र्य घडते’ हे आज प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात आढळणारे वाक्य या काळात रूढ झाले. मात्र चारित्र्य कोणाचे घडायचे हेही त्याच सुमारास ठरत होते, आणि ते ठरवायला एक शब्द कामी आला. तो म्हणजे ‘अमॅच्युअर’. मराठीत आपण त्याला ‘हौशी’ म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण हौशीला फक्त हौस लागते. या शब्दाला त्याहून बरेच काही लागत होते.

इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर होणाऱ्या हेन्लीच्या नौकाशर्यतींचा १८७९ चा नियम पाहावा. पैसे किंवा बक्षिसाची रक्कम घेणारा हौशी नाही, इथवर ठीक. पण जो कोणी मजुरीवर यांत्रिक कारागीर, हस्तव्यावसायिक किंवा कामकरी म्हणून काम करतो किंवा पूर्वी करत होता, तोही हौशी नाही. त्याने वल्हे मारून एक पेनीही मिळवलेली नसली तरी नाही! समर्थन असे दिले जाई की अंगमेहनतीच्या कामाने शरीर कमावले जाते आणि बसून काम करणाऱ्यावर अन्याय होतो. धावण्या-उड्यांच्या खेळांतही १८६६ मध्ये असेच कलम आले होते, ते १८८० मध्ये काढण्यात आले. हेन्लीत मात्र ते टिकले. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा संघ पोलिसांचा आहे म्हणून त्याला प्रवेश नाकारला गेला, आणि त्या शोभेनंतर १९३७ मध्ये कलम गळाले.

रग्बीतला झगडा तर खाड्यावरून झाला. शनिवारी सामन्याला जायचे म्हणजे गिरणी-खाणीतल्या माणसाचा अर्ध्या दिवसाचा खाडा व्हायचा. तेवढी मजुरी भरून द्या, अशी उत्तर इंग्लंडच्या क्लबांची मागणी होती. खेळायचे पैसे कोणी मागत नव्हते, खेळल्यामुळे बुडणारे पैसे मागत होते. १८९३ मध्ये ही मागणी फेटाळली गेली आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. एका खेळाचे दोन खेळ झाले ते आजही दोनच आहेत. मूळ घराण्याने, म्हणजे रग्बी युनियनने, ऑगस्ट १८९५ ची ती भूमिका ऑगस्ट १९९५ मध्ये सोडली आणि मानधनाला उघड मान्यता दिली.

क्रिकेटने वेगळी वाट काढली. तिथे दोघे एकाच संघात खेळत, पण हौशींना ‘जंटलमन’ आणि पगारींना ‘प्लेअर’ म्हणत. धावफलकावर हौश्याची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, पगारीची नंतर. व्हिक्टोरियन काळातला सर्वांत नावाजलेला हौशी फलंदाज, पेशाने डॉक्टर, खर्चाच्या आणि गौरवनिधीच्या नावाखाली कोणत्याही पगारी खेळाडूपेक्षा जास्त कमावत होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. हा भेद अधिकृतपणे संपायला १९६३ चा हंगाम उजाडला.

१८९६ मध्ये अथेन्सला सुरू झालेल्या आधुनिक ऑलिंपिकने ही व्याख्या उचलून जगभर नेली. १९१२ च्या स्टॉकहोम स्पर्धेत पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन (पाच आणि दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धा) जिंकणाऱ्या अमेरिकन आदिवासी खेळाडूने कॉलेजात असताना उन्हाळी सुट्टीत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. १९१३ मध्ये त्याची दोन्ही पदके काढून घेतली गेली. नियमाप्रमाणे तक्रार स्पर्धेनंतर ३० दिवसांत यायला हवी होती, तशी ती आली नव्हती. हे मान्य करून त्याला सहविजेता ठरवले गेले १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. एकमेव विजेता २०२२ मध्ये. दरम्यान १९५२ पासून समाजवादी देशांचे खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा विद्यार्थी म्हणून आले आणि दिवसभर सराव करू लागले. ते हौशी ठरले. १९७२ मध्ये जपानमधल्या साप्पोरोच्या हिवाळी ऑलिंपिकमधून एका ऑस्ट्रियन स्की-पटूला जाहिरातींतल्या कमाईवरून परत पाठवले गेले, तो नाही ठरला. सत्तरच्या दशकात ऑलिंपिकच्या नियमावलीतून ‘अमॅच्युअर’ हा शब्दच गळाला. १९७४ मध्ये खाड्याची भरपाई चालेल असे ठरले. रग्बीवाल्यांनी हेच मागितले होते, ८१ वर्षे आधी. १९९२ मध्ये बार्सिलोनात अमेरिकेचे धंदेवाईक बास्केटबॉलपटू उतरले तेव्हा या प्रकरणाचा उरलासुरला आडपडदाही गेला.

स्त्रियांच्या बाबतीत हाच पैशाचा मुद्दा आडून आला. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलला स्त्रियांच्या फुटबॉल सामन्याला ५३,००० प्रेक्षक जमले. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल नियंत्रकांनी आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. हा खेळ त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही हे कारण सगळे सांगतात. तिकिटांचे पैसे धर्मादाय कामाला पुरेसे जात नाहीत, ही तक्रारही त्याच ठरावात होती. बंदी उठायला सुमारे पन्नास वर्षे लागली.

आरोग्याचा युक्तिवाद या सगळ्यात उशिराचा. शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा गाजलेला अभ्यास १९५३ चा, लंडनच्या दुमजली बसचा. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. यात खेळाचा संबंध कुठे आला? वाहक तिकिटे फाडत होता, पगारावर. ज्या अंगमेहनतीमुळे हेन्लीत कामकऱ्याला दाराबाहेर उभे केले गेले, तिच्यातच वैद्यकाला तब्येतीचे इंगित सापडले. ‘खेळा आणि निरोगी राहा’ म्हणणारे पुरावा मात्र हालचालीचा देतात, आणि हालचाल म्हणजे स्पर्धा नव्हे. १९७८ मध्ये शिक्षण-संस्कृतीच्या जागतिक संघटनेने, युनेस्कोने, शारीरिक शिक्षण आणि खेळ हा सर्वांचा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. मॉन्ट्रियलमधल्या १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज मात्र तेव्हा फेडणे चालूच होते. ते फिटले २००६ मध्ये.

हौशीपणाचा शेवटचा मोठा गड अमेरिकन विद्यापीठांत उरला होता. तिथला शब्द ‘विद्यार्थी-खेळाडू’. तो पन्नासच्या दशकात घडवला गेला, जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये यासाठी. कोलोराडो राज्यात अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळणाऱ्या एका विद्यार्थ्याचा डोक्याच्या दुखापतीने मृत्यू झाला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली, तेव्हा कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही म्हणून १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. पुढे दूरचित्रवाणीच्या हक्कांनी हा धंदा अब्जावधी डॉलरचा केला, शब्द तोच राहिला. २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षणाशी निगडित लाभांवरची मर्यादा उठवली. त्याच उन्हाळ्यात खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येऊ लागल्या. खेळाडूंच्या दाव्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटता येते. हे खेळाडू विद्यापीठाचे नोकर ठरतात का, याचा निकाल मात्र त्या तडजोडीत नाही.