बिअर, डायपर आणि बिलातलं गणित

ग्राहकांच्या डेटाचा विषय निघाला की बिअर-डायपरची गोष्ट कुणीतरी सांगतंच. डायपर घ्यायला आलेले तरुण बाप बिअरही नेतात हे संगणकानं हेरलं, दुकानदारानं दोन्ही शेजारी मांडलं आणि विक्री धडाक्यात वाढली! खरं एवढंच की १९९२ च्या सुमारास टेराडेटा या डेटा-कंपनीच्या चमूनं अमेरिकेतल्या ऑस्को ड्रग या औषध-दुकानांच्या साखळीच्या सुमारे २५ दुकानांतली १२ लाख बिलं चाळली, आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळात ही जोडी दिसली. मांडणी मात्र कुणी बदलली नाही. बाकीचा मसाला नंतरचा.

जोडी 'दिसली' म्हणजे नेमकं काय? समजा, १००० बिलं आहेत. २०० बिलांत चहा पावडर, ३०० त बिस्किटं, ६०० त दूध. चहा आणि बिस्किटं एकत्र ९० बिलांत, चहा आणि दूध एकत्र ११० बिलांत. म्हणजे चहा घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के बिस्किटं घेतात आणि ५५ टक्के दूध. या टक्केवारीला 'कॉन्फिडन्स' म्हणतात. त्यावरून चहाशेजारी दूध ठेवावंसं वाटेल, पण तिथेच फसगत होते. दूध एरवीही ६० टक्के बिलांत असतंच. म्हणून ५५ ला ६० नं भागायचं: ०.९२. बिस्किटांसाठी ४५ भागिले ३०: १.५. ही 'लिफ्ट'. ती १ च्या वर असेल तरच ती जोडी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा एकत्र येते; १ च्या खाली असेल तर कमी वेळा. चहा पावडर घेणाऱ्यांकडे दूध बहुधा गवळी घालत असेल; पण तो आपला अंदाज, बिलात गवळी नसतो.

दुकानात ५००० वस्तू असतील तर जोड्या होतात सुमारे सव्वा कोटी आणि त्रिकुटं २००० कोटींच्या वर. सगळी मोजत कोण बसणार? १९९४ मध्ये राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी 'एप्रायोरी' ही रीत मांडली. जी जोडी मुळातच दुर्मीळ, ती ज्यात आहे असं कोणतंही त्रिकूट तिच्याहून जास्त वेळा येऊच शकत नाही. तेव्हा ते मोजायलाच नको. या एका छाटणीनं बहुतेक काम संपतं.

तरी योगायोग उरतोच. 'चुकीची शक्यता १ टक्का' ही कसोटी लावली, तर काहीच नातं नसलेल्या सव्वा कोटी जोड्यांतूनही सव्वा लाख निव्वळ नशिबानं पास होतील. 'एआयनं शोधलेलं गुपित' विकायला येणाऱ्याला, दुसऱ्या महिन्याच्या बिलांवरही ते टिकलं का, एवढंच विचारावं.

बिलाला कार्ड किंवा मोबाइल नंबर जोडला की सुट्या बिलांचा एका घराचा इतिहास होतो. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीनं १९९५ मध्ये खरेदीवर पॉइंट देणारं क्लबकार्ड आणलं ते यासाठीच. पॉइंट हा त्या माहितीचा मोबदला. दर ८ दिवसांनी येणारं घर २४ दिवस फिरकलं नाही, तर ते सुटत चाललंय. महिन्यातून एकदाच वाणसामान भरणाऱ्या घराचे २४ दिवस मात्र नेहमीचेच. सरसकट 'महिनाभर आला नाही तर कूपन पाठवा' असा नियम लावला की पहिल्या घराला कूपन उशिरा पोचतं.

माहिती बिघडते ती मात्र काउंटरवर. ग्राहकानं नंबर दिला नाही की कॅशियर स्वतःचा टाकतो, मग एकच 'निष्ठावान ग्राहक' दिवसाला ८० बिलं करतो. चार स्वादांची चार पाकिटं असतात, तो एकच पाकीट चारदा स्कॅन करतो. तीन स्वादांची विक्री बुडते, स्टॉकही चुकतो. आणि फळी रिकामी असलेल्या दिवसाची शून्य विक्री मागणीत धरली, तर पुढची ऑर्डर आणखी कमी जाते आणि फळी पुन्हा रिकामी राहते.