एकट्या शिकाऱ्याची शिडी

माझा भाचा गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून अ‍ॅल्युमिनियमच्या चार नळ्या निघाल्या. प्रत्येक जेमतेम दोन-अडीच फुटांची. खाली-वर पाय ठेवायला आडव्या पायऱ्या, मागे सालीत रुतणारे दातेरी कंस आणि खोडाभोवती आवळायचा पट्टा. तिकडे हरणाच्या शिकारीला जाणारे लोक याला क्लाइंबिंग स्टिक म्हणतात. नाव काठीचं असलं तरी ही खरं तर एका पायाची, तुकड्यातुकड्यांत सुटी होणारी शिडी आहे. भाच्याचा बेत साधा होता. पार्ल्याच्या आमच्या सोसायटीतल्या माडाला ती लावायची आणि नारळ काढायचे.

आमचे नारळ पाडायला वसईकडून एक काका येतात. त्यांनी एक नळी हातात घेऊन फिरवली, पट्ट्याच्या शिवणीवरून नख ओढलं आणि विचारलं, "पहिली बांधून वर गेलास. आता दुसरी बांधायला दोन्ही हात लागणार. तेवढ्या वेळात तुला धरून कोण ठेवणार?"

भाचा गप्प. या साधनाचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून हे टिपण.

आधी कायद्याचं हातावेगळं करतो. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला होता. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार परवान्यांच्या चौकटीत आणली आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर ती जवळपास पूर्ण बंद झाली. कायद्यातली शिकारीची व्याख्याही ऐसपैस आहे. जनावर पकडणं, सापळा लावणं, नुसता तसा प्रयत्न करणंही तीत येतं. त्यामुळे मुंबईत या नळ्या आल्याच तर त्या फोटो काढणाऱ्यांच्या, पक्षी पाहणाऱ्यांच्या किंवा फांद्या छाटणाऱ्यांच्या हाती येणार.

पण झाडावर चढण्याची विद्या मुंबईत शिकाऱ्यांची कधी नव्हतीच. ती ताडी-माडीसाठी झाडं छेवणाऱ्या, म्हणजे त्यांचा रस काढणाऱ्या भंडाऱ्यांची. माहीमच्या माडांच्या वाड्या एवढ्या दाट होत्या की इंग्रजी दप्तरांत त्यांना 'माहीम वूड्स' म्हटलेलं आहे. त्या माडांना सुक्या माशांचं खत घालत, आणि त्याच्या वासाने हैराण होऊन कंपनी सरकारने त्यावर बंदीही घातली होती. (आजच्या माहीमकरांना वास नवा नाही, फक्त कारण बदललं.) माड छेवणारा भंडारी दिवसातून दोन-तीनदा झाडावर जाई. खोडात पायांपुरत्या खाचा, पायांत दोरीचा फास, कमरेला कोयता आणि मडकं, एवढाच सरंजाम. पायातला फास दिसायला क्षुल्लक, पण युक्ती त्यातच आहे. अंगाचा भार येतो तशी दोरी खोडावर अधिक घट्ट बसते. वजन हेच कुलूप.

दोर काथ्याचा. ताकदीत अंबाडी किंवा ताग त्याला भारी पडेल, पण खाऱ्या हवेत आणि ओलाव्यात काथ्या टिकतो. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, ही म्हण काही हवेतून आलेली नाही. शिवाय दोर ज्याचा त्याने वळलेला किंवा निदान स्वतः पारखून घेतलेला असे. दुसऱ्याच्या दोरावर कोणी चढत नसे.

पुढे १८७८च्या आबकारी कायद्याने छेवायच्या झाडांवरचा कर चढला, १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, आणि त्या दोन्हींच्या मधल्या काळात शहराने वाड्याच गिळल्या. ताडदेव आणि ताडवाडी ही नावं उरली. चढणारे उत्तरेकडे, वसई-पालघरकडे सरकले. आमचे काका तिथलेच.

आता शिकारीकडे. उंचावर बसून जनावराची वाट पाहायची कल्पना आपल्याकडे जुनीच. शेतात गोफण घेऊन राखण करायला शेतकरी माळा बांधतो, जंगलात तोच मचाण होतो. साहेबाच्या शिकारीतला मचाण मात्र साहेब बांधत नसे. गावकरी झाड हेरत, दोन फांद्यांच्या बेचक्यात बाज उलटी-सुलटी बांधत, पानांनी आडोसा करत, आडव्या फांद्या बांधून शिडी उभी करत. साहेब संध्याकाळी येऊन वर बसे. खाली बंदूक द्यायला माणूस, समोरून जनावर हाकत आणायला हाकारे. पडण्याची जोखीम बांधणाऱ्याच्या वाट्याला, फोटो बसणाऱ्याच्या वाट्याला.

मुंबईत या मंडळींचा अड्डा म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ती स्थापली. सहा युरोपीय आणि दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांत बंदूकवाले भरपूर होते आणि १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकात शिकारीच्या नोंदी बिनदिक्कत छापल्या जात. जनावराची लांबी, वजन, कातड्याचा रंग, सगळं. मचाण कोणी बांधला हे लिहिण्याची पद्धत नव्हती.

अमेरिकेत गोष्ट नेमकी उलटी घडली, आणि माझ्या मते क्लाइंबिंग स्टिकचा जन्म त्या उलटेपणात आहे. तिथे शिकारी एकटा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण तिथे बेसुमार शिकारीने पार रोडावलं होतं. मग हंगाम, परवाने, मर्यादा आल्या आणि हरणं पुन्हा वाढली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्यबाणाचा हंगाम उघडला आणि हळूहळू बाकीची राज्यंही त्या वाटेने गेली. धनुष्यबाण म्हणजे वीस-तीस पावलांवरून नेम, म्हणजे हरीण अगदी जवळ यायला हवं. हरीण वर फारसं पाहत नाही आणि उंचावरून माणसाचा वासही त्याच्यापर्यंत कमी पोचतो. म्हणून झाड.

सुरुवातीला लोक फळकुटं खिळ्यांनी खोडाला ठोकत. तोच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक मार्ग होता. झाड वाढतं, लाकूड कुजतं, खिळा आतून गंजतो आणि हे सगळं बाहेरून दिसत नाही. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांची करवत अशा खिळ्यावर आदळली की पातं जातं, हे वेगळंच. मग खोडात पिळून बसवायच्या लोखंडी पायऱ्या आल्या. पण अनेक सरकारी जंगलांनी झाडाला भोक पाडणारं काहीही वर्ज्य ठरवलं. उरला पट्टा. झाडाला इजा न करता बांधायचं, त्याच दिवशी सोडायचं, पाठीवर टाकून घरी न्यायचं. हाकारे नाहीत, मचाण बांधणारे नाहीत, जंगल स्वतःच्या मालकीचं नाही, अशा माणसासाठी बनलेली ही शिडी आहे. तीन-चार तुकडे मध्ये अंतर सोडत एकावर एक बांधत गेलं की पंधरा-वीस फूट गाठता येतात.

वीस फूट म्हटलं की मुंबईकराला दहीहंडी आठवते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीच्या उंचीला हीच मर्यादा घातली होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २०१७ मध्ये ती उठली. वाद कोणत्याही बाजूने घाला, हिशेब बदलत नाही. वीस फुटांवरून सुटलेलं शरीर सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर असतं आणि तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास ४० किलोमीटर असतो. गोविंदाखाली निदान माणसं असतात. शिकाऱ्याखाली मुळं आणि दगड.

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी हे पडून पडून शिकलं. आधी कमरेला किंवा छातीला एकच पट्टा बांधायची रीत होती. माणूस पडला तर तो पट्टा पोटात किंवा काखेत असा रुतायचा की लटकलेल्याचा जीव जायची वेळ यायची. मग खांदे, कंबर आणि दोन्ही मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस आला. उत्पादकांनी संघटना काढली, चाचण्यांची मानकं ठरली, आणि आज बहुतेक साधनांवर ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, ही भारमर्यादा छापलेली असते. तीत माणूस, कपडे, बूट, पाठीवरची पिशवी, सगळं धरायचं. शिवाय हा आकडा शांत उभ्या भाराचा. उडी मारून पायरीवर आलेला पाय किंवा घसरून बसलेला हिसका त्याच्या कितीतरी पुढे जातो.

काकांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं, पण शिकाऱ्यांकडून नाही. ते विजेच्या खांबांवर चढणाऱ्या कामगारांकडून आलं. कमरेच्या दोन बाजूंना अडकवून खोडाभोवती फिरवायचा दोर. चढताना तो वर सरकवत न्यायचा, थांबलं की त्यावर रेलायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. भंडाऱ्याच्या फासाचा हा लांबचा भाऊच. बसायच्या जागेपासून जमिनीपर्यंत सोडलेल्या जीवनदोरावर सरकती गाठही मारतात. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाने ती १९३१ मध्ये लोकांपुढे आणली. हाताने सहज सरकते, झटका बसला की आवळते. पुन्हा तेच, वजन हेच कुलूप. आणि गंमत म्हणजे भाच्याकडे तो कमरेचा दोर होता. बॅगेच्या तळाशी, न फोडलेल्या पाकिटात.

हार्नेस घातला म्हणजे सुटलो असंही नाही. नुसतं लटकून राहिलं तर मांडीचे पट्टे रक्त खाली अडवतात आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून पाय अडकवून उभं राहता येईल असा एक फासा हार्नेसवर हवा, आणि खाली कोणाला तरी ठाऊक हवं की आपण कुठल्या झाडावर आहोत. आपल्याकडे इमारतींच्या कामासाठी पट्टे आणि हार्नेस यांचं भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. त्याचा शिक्का असलेला हार्नेस लोखंडी सामानाच्या मोठ्या दुकानांत मिळतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर जाहिराती नळीच्या धातूचं बोलतात. नळी सहसा शेवटी जाते. आधी जातो पट्टा. पॉलिएस्टर असो वा नायलॉन, उन्हाने दोन्ही कुजतात, आणि नायलॉन भिजला की ताणतो आणि ताकदही काही टक्क्यांनी उतरते. पट्टा वर्षभर झाडावरच ठेवला तर खोड वाढून तो आतून ताणला जातो, खारी कुरतडतात ते वेगळंच. त्यानंतर बकल. दाते झिजले किंवा त्यांत चिकट रस साचला की पट्टा इंचाइंचाने सरकू लागतो, आणि सरकतोय हे चढणाऱ्याला शेवटी कळतं.

अ‍ॅल्युमिनियमची खोड वेगळी. पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आत कितीही वेळा वाकवलं तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते. छोटे छोटे भारही मोजले जातात. त्यातून वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची ताकद बरीच उतरलेली असते. म्हणून तडा शोधायचा तो पायरी जिथे नळीला जोडली आहे तिथे, बोट फिरवून, भिंग घेऊन. कार्बनच्या नळ्या हलक्या असतात, पण त्या वाकून इशारा देत नाहीत.

मुंबईत यावर समुद्राची भर. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची नळी एकत्र असली आणि मध्ये खारट ओलावा आला की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसू लागते. गच्चीवरच्या जुन्या अँटेनांचे सांधे पाहिलेल्यांना हे सांगायला नको. वर्सोव्याला किंवा दादर चौपाटीजवळ राहणाऱ्याने या वस्तू गोड्या पाण्याने धुऊन, कोरड्या करून, घरात ठेवाव्यात. बाल्कनीत टांगून ठेवू नयेत. हार्नेस कापडी असतो, त्याचं आयुष्य उत्पादक सहसा पाच वर्षं सांगतात, आणि एकदा माणूस त्यात पडला की तो त्याच दिवशी बाद.

झाडाची निवड तर अमेरिकी पुस्तिकेतून करूच नये. तिथल्या ओकचा भरवसा आमच्या गुलमोहराला लावला तर पंचाईत. गुलमोहर ठिसूळ, सोनमोहरही पावसात फांद्या टाकतो, आणि शहरातले बरेच पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने रस शोषून वाळवलेत. सावरीला काटे. वड-पिंपळाचं खोड एवढं आणि इतकं वेडंवाकडं की पट्टा सरळ बसतच नाही. महापालिकेच्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं भरली, पण नळी निर्धास्तपणे बांधावी अशी सरळ, निरोगी, मध्यम घेराची किती, हे प्रत्येक झाडाखाली उभं राहूनच ठरवावं लागतं. शिवाय फांदी तोडायची तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागतेच, शिडी कुठलीही असो.

मचाणाचा धागा अजून तुटलेला नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना बसवतं. येऊर आणि तुंगारेश्वर मुंबईकरांना जवळचे. हातात बंदुकीऐवजी वही आणि टॉर्च. तिथे स्वतःचं चढण्याचं साधन नेण्याची गरज नसते, आणि कोणी नेलंच तर वनरक्षक ते खाली ठेवायला लावील, हे बरंच.

आमच्या सोसायटीत पुढे काय झालं, तर चारही नळ्या बांधून भाचा वीस फुटांच्या आसपास पोचला आणि वर पाहत राहिला. नारळ साठ फुटांवर होते. काका खोडाच्या दुसऱ्या बाजूने फास टाकून वर गेले, दोन पेंडी सोडल्या, उतरले. नळ्या सध्या आमच्या माळ्यावर आहेत, स्वयंपाकघराच्या. तो कमरेचा दोर मात्र काकांनी दोन दिवसांसाठी मागून नेला. परत दिला तेव्हा म्हणाले, दोर चांगला आहे, पण याची कडी आमच्याकडे एका पावसाळ्यात गंजेल.