प्री-इंजिनीअर्ड पोलादी इमारत : घटक आणि साहित्य

प्रत्येक भाग कारखान्यातच कापून, वेल्ड करून, भोके पाडून तयार करायचा आणि जागेवर नुसत्या नट-बोल्टने जुळवायचा, अशा पोलादी इमारतीला प्री-इंजिनीअर्ड बिल्डिंग किंवा पीईबी म्हणतात. चाकण-रांजणगावचे कारखाने आणि भिवंडीची गोदामे यांत हा प्रकार सर्रास दिसतो. जुन्या शेडमध्ये तयार गर्डर आणि अँगलच्या कैच्या असत. गर्डरवर जोर कुठेही येवो, त्याची उंची या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच. पीईबीत जोर असेल तिथेच पोलाद घालतात. वजन आणि खर्च त्यामुळे वाचतो, पण फाजील ताकद जवळपास उरत नाही.

मुख्य सांगाडा खांब आणि राफ्टर (छपराखालची उतरती तुळई) यांचा. पोलादाच्या प्लेटा कापून मधली प्लेट म्हणजे वेब आणि तिच्या दोन कडांच्या प्लेटा म्हणजे फ्लँज सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगने (दाणेदार भुकटीच्या थराखाली होणाऱ्या वेल्डिंगने) जोडतात. आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई३५० हा दर्जा (किमान नमन ताण, म्हणजे पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते तो ताण, साधारण ३५० मेगापास्कल) यासाठी प्रचलित आहे. खांब पायाशी बिजागरीसारखा मोकळा धरला, तर तिथे वाकवणारा जोर शून्य असतो आणि खांब-राफ्टरच्या सांध्यात, म्हणजे गुडघ्यात, तो सर्वाधिक होतो. म्हणून खांब खाली निमुळता आणि वर रुंद. हा आकार शोभेचा नसून गणिताचा आहे. असे सांगाडे साधारण ६ ते ९ मीटर अंतराने उभे करतात.

दुय्यम भागांत छपराचा पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे पर्लिन आणि भिंतींचा पत्रा धरणाऱ्या पट्ट्या म्हणजे गर्ट येतात. गॅल्व्हनाइझ केलेला (जस्ताचा लेप दिलेला) पातळ पत्रा थंड अवस्थेतच दुमडून झेड किंवा सी आकारात ते बनवतात. झेडची टोके आधारावर एकमेकांत बसतात आणि तिथे दुहेरी जाडी मिळते; सलग तुळईलाही आधारावरच जास्त ताकद लागते. पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या फ्लँजपर्यंत तिरपा जाणारा लहानसा अँगल म्हणजे फ्लँज ब्रेस. वारा छपराला वर उचलू लागला की हाच खालचा फ्लँज दाबाखाली येतो आणि ब्रेस नसेल तर बाजूला लचकतो. हवेच्या डक्टला जागा करायला हा ‘बिनकामाचा’ तुकडा काढून टाकणे म्हणूनच घातक.

हलक्या छपराला वजनापेक्षा वाऱ्याचीच धास्ती जास्त. इमारतींवरील भारांच्या आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात मूलभूत वाऱ्याचा वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक सुमारे सव्वापटीचा होतो. लांबीच्या दिशेचा वारा सळ्यांचे किंवा अँगलचे फुलीदार ब्रेसिंग (तिरपे आधार) पेलते. जिथे दार हवे तिथे फुलीऐवजी पोर्टल चौकट (दोन खांब आणि वरची तुळई यांची ताठ चौकट) घालतात.

छपराचा पत्रा बहुधा गॅल्व्हल्यूमचा, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावरच्या लेपात वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि उरलेले सिलिकॉन. ओले काँक्रीट किंवा सिमेंटचे शिंतोडे हा लेप खातात. गळतीचे मूळ मात्र पत्र्यापेक्षा स्क्रूत जास्त वेळा सापडते. ड्रिल पॉइंट (स्वतःच भोक पाडणाऱ्या) स्क्रूच्या डोक्याखालचा ईपीडीएम रबराचा वॉशर किंचित दबलेला दिसायला हवा. फार आवळला तर तो चिरतो, ढिला राहिला तर पाणी शिरते. भोके पाडताना सांडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडला नाही, तर पहिल्याच पावसात पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात.

सारा डोलारा पायातील अँकर बोल्टवर बसतो. काँक्रीट ओतताना बोल्ट जागी धरणारी टेम्प्लेट हलली की खांबाच्या तळाच्या बेस प्लेटची भोके जुळत नाहीत. मग जागेवर गॅस कटरने भोक मोठे करण्याचा मोह होतो. तो टाळून डिझायनरकडून दुरुस्ती मागवावी. बेस प्लेटखालची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मिश्रणाने) भरतात.

आगीत उघडे पोलाद लवकर हार मानते; साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची निम्मी ताकद जाते. गरजेप्रमाणे उष्णतेने फुगणारा रंग किंवा अन्य आवरण द्यावे लागते. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे सांगाड्याच्या रंगाचे थरही वाढवतात.

माणसांचा वावर नसलेल्या सपाट किंवा कमी उताराच्या छपरासाठी भारतीय मानक चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन चल भार (दुरुस्तीच्या वेळी येणारा-जाणारा भार) धरते, तर अमेरिकी पद्धतीच्या डिझाइनमध्ये तो बहुधा ०.५७ असतो. शेड विकत घेताना यातला कोणता आकडा धरला आहे आणि सौर पॅनेल, फॉल्स सीलिंग, पाइप यांचे वजन वेगळे मोजले आहे का, हे डिझाइनच्या कागदांतच पाहून घ्यावे.