‘आवाज काढतो’ आणि ‘आवाज निघतो’ : टुरेट सिंड्रोमभोवतीच्या जुन्या गैरसमजाची पार्श्वभूमी

माझा भाचा सहा वर्षांचा असताना डोळे मिचकावू लागला. माझी बहीण नाशिकला सिडकोत राहते. तिने आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, डोळे ठणठणीत निघाले. मग तो नाक ओढू लागला, तेव्हा ॲलर्जीची औषधं झाली. घसा खाकरू लागला, तेव्हा कान-नाक-घसावाल्यांकडे खेपा झाल्या. शेजारच्या काकूंनी जंतांचं औषध सुचवलं, आमच्या आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आठव्या वर्षी मानेला झटके सुरू झाले आणि शाळेच्या वहीत शेरा आला : ‘वर्गात मुद्दाम आवाज काढतो. समज द्यावी.’ त्याला टुरेट सिंड्रोम आहे हे कळेपर्यंत आणखी दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षात त्याला घरात आणि शाळेत मिळून किती बोलणी बसली, ते आठवलं की आजही जीव तुटतो. बोलणाऱ्यांत मीही होते. शेऱ्यातला ‘मुद्दाम’ हा शब्द मात्र त्या शिक्षकांनी नव्याने शोधलेला नव्हता. या विकाराला तो निदान दोनशे वर्षं चिकटलेला आहे.

आधी विकाराबद्दल. टिक म्हणजे अचानक, झटक्यात, पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज. पापण्या मिटणं, खांदा उडणं, मान वळणं, घसा खाकरला जाणं, एखादा शब्द तोंडून सुटणं. हालचालींच्या एकाहून जास्त टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक, त्रास वर्षाहून जुना आणि सुरुवात १८ वर्षांच्या आत, असं असलं की त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. बहुतेकांना तो पाच-सात वर्षांच्या वयात सुरू होतो, दहा ते बाराच्या सुमारास सर्वांत जोरात असतो आणि पुढे अनेकांचा ओसरतो. शाळकरी मुलांत हजारी साधारण तीन ते दहा जणांना तो असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत तिपटी-चौपटीने जास्त. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि वरचं आवरण यांच्यात हालचालींचे निरोप नेणारी जी मंडलं असतात, त्यांत ही गडबड असते. डोपामीन या रसायनाचा त्यात हात आहे आणि विकार घराण्यात उतरतो. लाडाने तो होत नाही, धाकाने जात नाही.

१८२५ साली पॅरिसमधल्या जाँ मार्क इटार या डॉक्टरांनी एका उमराव घराण्यातल्या बाईंची हकिगत छापली. वैद्यकाच्या इतिहासात त्या मार्कीझ द दाम्पिएर म्हणून ओळखल्या जातात. तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. त्रास सुरू झाला होता सातव्या वर्षी. मुलगी लिहायला बसली की हात झटकन उडायचा, मग काही वेळ अक्षर नीट यायचं, मग पुन्हा झटका. घरच्यांना वाटलं, पोर खोड्या करतेय. झटके वाढत गेले तशी बोलणी आणि शिक्षाही वाढत गेली. पुढे लक्षात आलं की हे तिने केलेलं नाही, तिला होतंय. म्हणजे वैद्यकीय वाङ्मयात ज्या पहिल्या रुग्णाची अशी तपशीलवार नोंद आहे, तिलाही सातव्या वर्षी ‘समज’ देण्यात आली होती.

इटार यांनी हे लिहून ठेवलं, पण लोकांच्या ध्यानात राहिला तो पुढचा भाग. मोठेपणी चारचौघांत बोलता बोलता या बाईंच्या तोंडून शिव्या सुटायच्या. उमराव घराण्यातली बाई आणि तोंडी अशी भाषा, याचीच चर्चा झाली. १८८५ साली जॉर्ज जिल द ला टुरेट या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांवर प्रबंध लिहिला. त्यातली पहिली रुग्ण हीच मार्कीझ. टुरेट यांनी तिला स्वतः तपासलं नव्हतं, इटार यांची हकिगत उचलली होती. अनिच्छेने शिव्या तोंडून जाण्याला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘कोप्रोलालिया’ असं नाव घडवलं आणि प्रबंधाच्या शीर्षकातच घातलं. त्यांचे गुरू शार्को यांनी विकाराला शिष्याचं नाव दिलं. टुरेट म्हणजे शिव्या देण्याचा रोग, ही समजूत या जन्मकहाणीतच रुजली. प्रत्यक्षात हे लक्षण शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांतच दिसतं. माझ्या भाच्याला ते कधीच नव्हतं. म्हणून काहींना त्याचं निदानच पटेना : ‘शिव्या कुठे देतो?’

आणि ज्यांना ते असतं, त्यांचे हाल सर्वांत वाईट. जो शब्द त्या जागी, त्या माणसासमोर मुळीच उच्चारायचा नसतो, नेमका तोच सुटतो. देवळात, मर्तिकाच्या घरी, मोठ्या माणसांपुढे. ऐकणाऱ्याला वाटतं, मनातलं बाहेर आलं. खरं तर तो शब्द त्या माणसाचं मत नसतो. निषिद्ध शब्दाला एरवी जो बांध असतो, तो तिथे तुटलेला असतो.

विसाव्या शतकाची सुरुवात आणखी वाईट झाली. १९०२ साली मेज आणि फाँदेल या फ्रेंच डॉक्टरांनी टिक्सवर ग्रंथ लिहिला. टिक असणाऱ्यांची इच्छाशक्ती लहान मुलासारखी दुबळी असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. उपाय काय, तर आरशासमोर उभं राहून न हलण्याची तालीम. १९२१ साली मनोविश्लेषक फेरेन्झी यांनी टिक्सचा संबंध दडपलेल्या लैंगिक ऊर्मींशी जोडला. पुढची कित्येक वर्षं मुलाच्या मनात दडलेला राग आणि आईची वागणूक यांची चिरफाड होत राहिली. ‘मुद्दाम’ हा आरोप गेला नाही. जाणत्या मनावरून तो नेणिवेवर ढकलला गेला आणि सोबत आईही पिंजऱ्यात उभी राहिली. बहिणीला ‘तुझ्या लाडांनी’ हे ऐकावं लागलं तेव्हा बोलणाऱ्यांना फेरेन्झी माहीत असण्याचं कारण नव्हतं. काही कल्पना मुळापासून सुटूनही हवेत राहतात.

वारं फिरलं ते एका औषधाने. हॅलोपेरिडॉल १९५८ साली बेल्जियममध्ये तयार झालं, १९६१च्या सुमारास फ्रान्समध्ये ते टिक्सवर लागू पडल्याची नोंद झाली. न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शापिरो या दांपत्याने एका तरुणीवर ते वापरलं आणि १९६८ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. डोपामीन रोखणाऱ्या गोळीने टिक्स कमी होत असतील, तर मूळ संस्कारांत नाही, मेंदूत आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. १९७२ साली अमेरिकेत रुग्णांच्या कुटुंबांनी आपली संघटना उभारली. या औषधाने गुंगी येते, अंग ताठरतं, त्यामुळे आज ते सहसा आधी देत नाहीत आणि अनेक मुलांना औषध लागतही नाही. पण आयांच्या डोक्यावरचं ओझं वैद्यकाने उतरवलं ते या गोळीमुळे, म्हणून मला तिचं मोल फार वाटतं.

मग विज्ञान इतकं स्पष्ट असताना गैरसमज का टिकला? माझ्या मते त्याचं उत्तर विकारातच आहे. टिक काही वेळ दाबून ठेवता येते. टिकच्या आधी अनेकांना त्या जागी खुपल्यासारखं, दाटून आल्यासारखं वाटतं, टिक झाली की क्षणभर मोकळं वाटतं. पाहुण्यांसमोर, वर्गात, मूल जीव मुठीत धरून ते थोपवतं. भाचा शाळेतून आला की दप्तर टाकून अर्धा तास नुसता झटके देत असायचा. शाळा म्हणे, ‘इथे तर फार करत नाही, घरीच करतो.’ घर म्हणे, ‘शाळेत थांबवतोस ना, मग इथेही थांबव.’ दोघांनीही तो किती थकलाय ते पाहिलं नाही. ताण, आनंद, जागरण यांनी टिक्स वाढतात, ‘करू नको’ म्हटलं की आणखी वाढतात. एखाद्या कामात मन पूर्ण रमलं की विरतात. तो तबला शिकतो. पंचवटीतल्या आमच्या घरी तो एकदा वाजवत बसला होता, वीस मिनिटांत एक झटका नाही. आई म्हणाली, ‘बघ, आता कसा थांबवलास!’ तो म्हणाला, ‘आजी, मी थांबवलं नाही गं. आलंच नाही.’

तेव्हापासून मी आपल्या क्रियापदांकडे लक्ष देऊ लागले. मराठीत उचकी लागते, शिंक येते, जांभई येते, डोळा लवतो. तिथे माणूस कर्ता नसतो, त्याला ते होतं. पण टिकसाठी आपल्याकडे घरगुती शब्द नाही, म्हणून आपण हाताशी असलेले शब्द वापरतो : चाळे, खोड्या, नखरे. आणि चाळे तर माणूस करतो! शब्द निवडला त्याच क्षणी निवाडा झालेला असतो. शिक्षकांचं वाक्य कानावर पडलं की तेच तोंडून पुन्हा येतं, ही टुरेटमधली एक टिक आहे, तिला इकोलालिया म्हणतात. वर्गात तिचं नाव होतं ‘वेडावून दाखवणं’. पापणी मिटते, तर सातवी-आठवीच्या मुलाच्या बाबतीत तो ‘डोळा मारणं’ ठरतं. कॉलेज रोडच्या गर्दीत किंवा सीबीएसच्या थांब्यावर अशा मुलाला त्याबद्दल मार बसू शकतो, ही धास्ती बहिणीला अजून आहे.

झटका म्हटलं की लोकांना आकडी आठवते, आणि कांदा हुंगवायला चार हात पुढे येतात. टिकमध्ये शुद्ध हरपत नाही, मूल सगळं ऐकत असतं, लोक काय बोलतात तेही. मोठा आवाज निघाला की काहींना बाहेरची बाधा वाटते. वणीच्या गडावर अंगात आलेल्या बाया आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलेल्या, त्यामुळे घुमणारी मान लोक त्याच नजरेने वाचतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. हे मांत्रिकाकडे नेण्याचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना सांगावं लागतं, आम्ही सांगितलं.

‘मुद्दाम नाही’ एवढं कळलं तरी पुरतं असंही नाही. १७३५ साली इंग्लंडमधल्या सॉलिहल इथे शाळेच्या मुख्य शिक्षकाच्या जागेसाठी सॅम्युएल जॉन्सन यांचं नाव पुढे आलं. हेच पुढे मोठे कोशकार झाले, आणि त्यांच्या हालचालींची वर्णनं वाचून आजचे डॉक्टर त्यांना टुरेट असावा असं मानतात. कारभाऱ्यांनी नकार कळवताना इतर कारणांबरोबर लिहिलं की त्यांचा चेहरा वेडावाकडा होतो, ते त्यांच्या हाती नाही, तरी मुलांवर परिणाम होईल. हाती नाही हे मान्य, तरीही नको. २०१८ साली आलेल्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटाची नायिका टुरेट असलेली शिक्षिका आहे, आणि तिलाही शाळांमागून शाळा नाकारतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांत टुरेट हे नाव पोचलं ते त्या चित्रपटामुळे. बहिणीलाही पहिली शंका तो टीव्हीवर पाहूनच आली होती.

२०२०-२१च्या टाळेबंदीत आणखी एक गुंता वाढला. अनेक देशांत किशोरवयीन मुलींना अचानक, एकदम गुंतागुंतीच्या टिक्ससारख्या हालचाली सुरू झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळजणी समाजमाध्यमांवर अशा चित्रफिती पाहणाऱ्या होत्या. हा टुरेटहून वेगळा, पण खराच त्रास आहे, त्याचे उपचार वेगळे आहेत. लोकांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र एकच : ‘मोबाइलवर बघून करतात.’

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, पार्किन्सन आहे. टुरेटचं नाव नाही. त्यामुळे शाळेत सवलत मागायची तर ती शिक्षकांच्या समजुतीवर येऊन थांबते. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून आमच्या नाशिकमध्येच आहे. टिक म्हणजे काय याचं एक पानभर मराठी टिपण तिथून शाळाशाळांत जावं, अशी माझी मनापासून मागणी आहे. उपचारांतही सांगण्यासारखं आहे. टिकच्या आधीची चाहूल ओळखायची आणि तिच्या आड येणारी दुसरी शांत हालचाल करायची, अशी वर्तनोपचाराची पद्धत १९७३पासून विकसित होत आली. २०१० साली १२६ मुलांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात ती घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना ठळक फरक पडला, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्या गटात पाचांतल्या एकालाही जेमतेम. भाच्याला तिचा फायदा झाला. नातेवाइकांना मात्र समजवावं लागलं की हा सराव आहे, ‘बघा, थांबवता येतं’ याचा पुरावा नव्हे.

दर जूनमध्ये बहीण नव्या वर्गशिक्षकांना हाताने लिहिलेला एक कागद देते. त्यात असतं : त्याचा आवाज निघतो, तो काढत नाही. त्याच्याकडे वळून पाहू नये. फार दाटलं तर दोन मिनिटं बाहेर जाऊ द्यावं. यंदाच्या सरांनी कागद वाचून त्याला दाराजवळचा बाक दिला. पहिल्या चाचणीच्या दिवशी घरी येऊन भाच्याने सांगितलं, ‘सर म्हणाले, आवाज निघाला तर निघू दे, गणित मात्र अर्धवट सोडू नको.’