मॉनिटरच्या बॅकलाइटची तपासणी

एलसीडी मॉनिटरच्या पडद्यावर मागचा प्रकाश सगळीकडे सारखा पोहोचतो की नाही, हे पाहण्याची पद्धत. घरगुती वापरात ती बहुधा एकदाच, नवा मॉनिटर बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी केली जाते. छायाचित्रण आणि छपाईपूर्व कामात मात्र ती अधूनमधून पुन्हा करावी लागते.

एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. मागून येणारा प्रकाश द्रव-स्फटिकांचा थर कमीजास्त अडवतो आणि त्यातून चित्र उमटते. पूर्वी हा प्रकाश बारीक फ्लुओरेसंट नळ्यांचा असे, आता एलईडींचा असतो. नेहमीच्या मॉनिटरमध्ये एलईडींची पट्टी एखाद्याच कडेला बसवलेली असते आणि तिचा उजेड एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यातून पडद्याभर पसरवला जातो. या पत्र्यावरचे सूक्ष्म ठिपके पट्टीजवळ विरळ आणि दूरवर दाट असतात, म्हणजे लांबच्या भागालाही पुरेसा प्रकाश मिळतो. त्यावर डिफ्यूझरचे, म्हणजे प्रकाश पसरवणारे, पातळ थर येतात. यांपैकी एखादा थर किंचित सरकला, सुरकुतला किंवा चौकटीचा दाब एका कोपऱ्यात जास्त पडला, की पडद्यावर फरक दिसू लागतो.

सर्वात लोकप्रिय चाचणी काळ्या पडद्याची आहे. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्रानुसार बॅकलाइट आपोआप कमीजास्त करणारी सोय), लोकल डिमिंग (बॅकलाइटचे भाग वेगवेगळे मंद करणारी सोय), खोलीतल्या उजेडानुसार ब्राइटनेस बदलणारा सेन्सर आणि रात्रीचा पिवळसर रंग, हे सगळे बंद करावे. ब्राइटनेस रोजच्या वापराइतकाच ठेवावा. तो शंभर टक्क्यांवर नेला तर चांगला मॉनिटरही सदोष वाटतो. मग खोलीत अंधार करून डोळे सरावेपर्यंत काही मिनिटे थांबावे आणि पूर्ण काळे चित्र पडदाभर उघडावे. पडदा ठार काळा दिसणार नाही. १०००:१ कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ असलेल्या, पॅनेलवर पांढरा रंग १२० कँडेला प्रति चौरस मीटर (उजळपणाचे एकक) असेल, तर काळाही सुमारे ०.१२ इतका उजळ असतो आणि अंधारात तेवढा सहज जाणवतो. पाहायचे ते या उजेडातले डाग.

कोपऱ्यातला उजळ भाग दिसला की लगेच दोष ठरवू नये. आयपीएस या प्रकारच्या एलसीडी पॅनेलवर तिरप्या कोनातून काळा रंग उजळतो. त्याला आयपीएस ग्लो म्हणतात. हा पॅनेलच्या जातीचाच गुण आहे, बॅकलाइटचा दोष नाही. दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी डोके हळूहळू एका बाजूला न्यावे, मग दोन पावले मागे जावे. ग्लो जागा बदलतो आणि मागे गेल्यावर बराच विरतो. कडेतून झिरपणारा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट ब्लीड, जागचा हलत नाही.

मोबाइलने काढलेल्या फोटोवर मात्र विसंबू नये. अंधार दिसताच कॅमेरा आपोआप एक्स्पोजर वाढवतो आणि डोळ्यांना जेमतेम जाणवणारा डाग फोटोत मशालीसारखा पेटलेला दिसतो. विक्रेत्याला पुरावा द्यायचा असेल तर एक्स्पोजर हाताने ठरवून, डोळ्यांना दिसते तसेच चित्र येईल असा फोटो काढलेला बरा.

काळ्या पडद्याला जरा जास्तच महत्त्व दिले जाते. पूर्ण काळा पडदा रोजच्या कामात क्वचितच समोर येतो. कागदपत्रे, तक्ते, नकाशे यांच्या फिकट पार्श्वभूमी मात्र दिवसभर दिसतात. म्हणून एकसारखा राखाडी पडदा लावून पाहणे अधिक उपयोगाचे: एकदा गडद, एकदा मध्यम. त्यावर उभे पट्टे, ढगाळ ठिगळे किंवा मळकट छटा आहेत का ते पाहावे. स्थिर चित्रात न दिसणारी ठिगळे एकरंगी मोठे चित्र हळूहळू सरकवले की उघडी पडतात. त्याआधी काच मऊ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर बोटांचे ठसेच दोष म्हणून मोजले जातात. पांढऱ्या पडद्यावर एक बाजू पिवळसर, दुसरी निळसर दिसते का, तेही तपासावे.

नजरेला एक मर्यादा आहे. मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू होणारी घट मोठी असली तरी डोळा ती सहसा टिपत नाही. तीव्र कडा असलेला फिकट पट्टा मात्र लगेच खटकतो. याउलट कलरिमीटर (पडद्याचा रंग आणि उजळपणा मोजणारे यंत्र) ही घट अचूक सांगतो. पडद्याचे ९ किंवा २५ चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर ते यंत्र ठेवतात आणि मधल्या चौकोनाशी तुलना करून फरक टक्क्यांत मांडतात. अगदी काळ्या रंगावर साध्या कलरिमीटरची मापे भरवशाची नसतात, तिथे नजरच बरी. काही व्यावसायिक मॉनिटरांत भरपाईची सोय असते: उजळ भाग मंद करून बाकीच्यांशी जुळवले जातात. त्यात कमाल ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही घटतात, म्हणून ही सोय चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत मापे घेणे योग्य.

मागे अनेक बारीक एलईडी असलेल्या मिनी-एलईडी मॉनिटरवर लोकल डिमिंग बंद ठेवलेल्या चाचणीने भागत नाही. ते चालू करून काळ्या पडद्यावर पांढरा माउस पॉइंटर फिरवावा आणि त्याभोवती किती मोठे वलय उमटते ते पाहावे. ओएलईडी पडद्याचे बिंदू स्वतःच उजळतात, त्याला बॅकलाइटच नसल्याने काळा पडदा काहीच सांगत नाही. तिथे गडद राखाडी लावून उभ्या पट्ट्या शोधाव्या लागतात.