अहिराणी गाणं डीजेनं बिघडवलं?

लग्नसराई आली की धुळे-जळगावकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पूर्वीची गाणी शुद्ध होती, शंभर वर्षं जशीच्या तशी. डीजे आणि यूट्यूब आलं नि सगळं बिघडलं.’ हे खरं नाही.

बहिणाबाई चौधरींचंच घ्या (1880–1951). त्यांच्या गाण्यांत मोट आहे, घरोटं म्हणजे जातं आहे. आणि जळगावचा छापखानाही आहे. शाईत पडून शहाणा होणारा कागद त्यांनी ओवीच्या जुन्याच चालीत बसवला. नवं यंत्र गावाजवळ आलं, लगेच गाण्यात आलं.

राजकारणही तसंच गाण्यात आलं. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. त्याच काळात अमळनेरचे साने गुरुजी शेतकऱ्यांसाठी गाणी लिहीत होते. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी सुधारक गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत आणि दारू सोडत. पुढे शहाद्याकडे अंबरसिंग महाराज भजनं म्हणणारेच. 1970च्या सुमारास आदिवासींच्या जमिनीच्या लढ्यात तेच पुढे होते.

चाल सावकाश बदलते, शब्द झटकन. म्हणून ऐकणाऱ्याला सगळं जुनंच वाटतं. हळदीच्या गाण्यात नवरदेव बैलगाडीऐवजी मोटरीतून येतो, बाकी ओळ तीच राहते. डीजेनं आवाज भयंकर वाढवला, ही तक्रार रास्तच आहे. म्हाताऱ्या बायकांचं गाणं त्यात बुडतं, याचं मला फार वाईट वाटतं. पण बदलाचा दोष त्याच्या माथी मारू नका. गाणं त्याच्या कितीतरी आधीपासून बदलत होतं, आणि ते बदलत होत्या त्याच बायका.